पार्किंगमधला पॉवर टिलर

१२ मे
आजपासून मी शेतकरी. म्हणजे होतोच. सातबाऱ्यावर नाव माझं, गुणवंत. गावचा चुलतभाऊ खंडू नुसता कसतो. वर्षाला एक पोतं तांदूळ पाठवतो, हे मान्य.
आज त्याचा फोन. बैल विकलेत, नांगरणीच्या पॉवर टिलरला सरकारी अनुदान मिळतंय, पण जमीन तुझ्या नावावर, म्हणून दादा तुझी संमतीची सही हवी. म्हटलं, कशाला? खुद्द शेतकरी जिवंत आहे. मीच अर्ज करतो. खंडूने फोनच ठेवला. आनंदाने असणार.

१३ मे, सकाळी
अर्ज भरला. डीपी बदलला. डोक्याला उपरणं, नजर दूर. बायको, मृणालिनी, म्हणाली, टॉवेल आहे तो, आणि माझा आहे.

२४ मे
अनुदानाच्या लॉटरीत नंबर लागला! दिवसभर ऑफिसात बूड टेकेना. दहा वेळा पोर्टल उघडून स्वतःचं नाव वाचलं. शेजारच्या दिपेशभाईंना सांगितलं, अब हम खेतीवाले. ते म्हणाले, अच्छा, टेरेस पे? काय माणसं असतात!

२ जून
पदरचे पैसे भरून टिलर आला. इथेच, भाईंदरच्या इंद्रलोकला, आमच्या सोसायटीत. डीलरला आधारवरचा पत्ता दिला होता, त्यात माझी काय चूक? लालभडक आहे. पार्किंगमध्ये उभा केला.
खंडूचा फोन. दादा, लवकर धाड, नांगरणी खोळंबलीय. अरे, पण नियम आहे! लाभार्थ्याचा मशीनसकट शेतातला फोटो, मग अनुदान. आधीच गावी धाडला तर फोटोत खंडू दिसेल. येत्या रविवारी मी स्वतः घेऊन जाणार. नक्की.

८ जून, रविवार
ॲसिडिटी. पुढच्या रविवारी.

१५ जून, रविवार
सोसायटीची मीटिंग. विषय, माझा टिलर. जावंच लागलं. हलवा म्हणतात. शेतकऱ्याला या देशात किंमत नाही.
खंडूचे मिस्ड कॉल. उचलले नाहीत. उतावळ्या माणसाशी काय बोलायचं?

२२ जून
उपाय सापडला. शेत म्हणजे शेवटी माती. टिलर सोसायटीच्या बागेत नेला. सुरू होईना, मग वॉचमनसोबत ढकलत ढकलत फोटो. लॉनची वाट लागली. सेक्रेटरी बोंबलत खाली आला, तोवर अपलोड झालं होतं.

४ जुलै
कृषी सहायक राजश्रीबाईंचा फोन. साहेब, फोटोवर लोकेशन भाईंदर पूर्व येतंय. म्हटलं, नेटवर्कचा घोळ. त्या म्हणाल्या, मागे घसरगुंडी दिसतेय. म्हटलं, आमच्याकडे पोरं बांधावर खेळतात. बाई खूप हसल्या. पटलं बहुतेक.

१९ जुलै
अर्ज नामंजूर. कारण, शेत आढळले नाही.
चिडून ठरवलं, टिलर आजच गावी. खंडूला फोन केला. तो म्हणाला, आता नको दादा. नांगरणीच झाली नाही, रोपं टाकली नाहीत, यंदा शेत पडीक. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नीट बोलला, तेच लागलं. असो. पुढच्या वर्षी जोरात करू.

९ नोव्हेंबर, रविवार
खंडू जेवायला आला. इथेच जेसल पार्कात एका बिल्डिंगला वॉचमन लागलाय. वर येताना पार्किंगमध्ये थांबला, टिलरवरची धूळ हाताने पुसली. चांगला हाय, म्हणाला.
मृणालिनीने भात वाढला. पहिल्याच घासाला तो थबकला. म्हणाला, ह्यो आपला न्हाय. मी म्हटलं, खालच्या दुकानातला, यंदा तुझं पोतं आलं नाही ना. बोलून गेलो आणि जीभ चावली. तो म्हणाला, ठाऊक हाय दादा. मग आमटी मागून घेतली आणि ताट साफ केलं.
तो गेल्यावर डीपी काढला. टॉवेल मृणालिनीला परत दिला.