खालून दिलेली सर्व्हिस

ताईसाहेब,

हे पत्र तुला पाठवणार नाही, कारण तू ते लगेच आईला वाचून दाखवशील आणि ती मला घरी बोलावून घेईल. ऑपरेशननंतर खांदा ठणठणीत झालाय, असं मी तुम्हा दोघींना सांगत आलेय. झालेला नाही. आज शेवटच्या सेटमध्ये हात डोक्याच्या वर जाईना. कोचनी लांबूनच खूण केली, सोड मॅच.

समोरची पोरगी माझ्याहून बरीच लहान, माझ्या जुन्या सर्व्हिसच्या धाकानं पार मागे उभी होती. तेव्हा तू आठवलीस. मी रॅकेटएवढी असताना तू मला हात खालून फिरवून हळूच सर्व्हिस द्यायचीस, आणि 'मला बाळ समजतेस का' म्हणून मी भांडायचे. आज मी तश्शीच दिली. चेंडू जाळीपलीकडे टपकला आणि ती धावत येईपर्यंत त्याचे दोन टप्पे पडले. लोक हसले. मग शेवटपर्यंत तशीच देत राहिले आणि मॅच काढली.

कोच म्हणाले, "हे कुठल्या अकादमीत शिकलीस?"

म्हटलं, "आमच्या गॅरेजच्या दारासमोर."

उद्याची पोरगी हुशार आहे. ती आधीच पुढे येऊन उभी राहील. लहानपणी मी तशी पुढे आले की तू काहीतरी करायचीस आणि मी हरायचे. काय करायचीस, ते काही केल्या आठवत नाही.

म्हणजे फोन करावाच लागणार. आईला काय सांगायचं ते तू बघ.

तुझीच,
ठेंगू