गाठोडं दाराबाहेर

अयिनीताई,

धाकट्या भावाचा, तवोदीचा नमस्कार. मी मजेत आहे, आईला तसंच सांग. तिचा खोकला थांबला का?

इथे फक्त एक घोळ झाला. शिकार नव्हती, म्हणून म्हटलं, बायकोच्या मक्यातलं तण काढावं. प्रत्येक ताटाला कसला तरी वेल चिकटला होता, तो सगळा उपटला. तो मुद्दाम लावलेला घेवडा होता म्हणे! ताई, खुरपणीला तुम्ही बायकांनी आम्हाला कधी हात लावू दिलात? मग मला कसं कळणार?

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, शेत हरणांपासून राखायला तुम्हाला ठेवलं. त्यापेक्षा हरणं परवडली!"

शेत त्यांचं, घर त्यांचं, पोरंसुद्धा त्यांच्याच कुळाची. माझं म्हणून एक गाठोडं, तेही काल बायकोनं दाराबाहेर ठेवलं. चुकून असेल म्हणून मी आत नेलं. आज पुन्हा बाहेर, वर बंदूकही. आपल्या चेरोकींत बायकोनं नवऱ्याचं सामान बाहेर ठेवलं की संसार मोडला, ते तुला सांगायला नको.

आईच्या चुलीजवळची माझी जागा तुझ्या नवऱ्यानं बळकावली नाही ना? सहज विचारतो.

पण आधी मूठभर घेवड्याचं बी पाठव. अजून पेरता येईल.

गाठोड्यावर बसून,
तवोदी