गोळा मुरेपर्यंत

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज फुलं फ्रीजरात गेली. त्यासाठी हरणाचं सगळं मटण बाहेर काढावं लागलं, म्हणून आता चार दिवस सकाळ-संध्याकाळ हरणच.

अर्डिथच्या परसात गांजाची सहा झाडं आहेत. या डोंगरात सगळ्यांकडेच सहा-सहा असतात, आणि लोक स्वतःच्या मुलांपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त बोलतात. बाकीचे झाड कापून दोरीवर वाळवतात. ही बाई नाही. उन्हं वर यायच्या आत फुलं खुडायची आणि ओली असतानाच गोठवायची. का, तर म्हणाली, "वाळली की अर्धा वास उडून जातो. मला अख्खा हवा."

मी महिन्यापूर्वी तिची सफरचंदं उतरवायला आले. पाच दिवसांचं काम होतं. सफरचंदं कधीच संपली. मी अजून इथेच आहे — कशी काय, मला विचारू नका. बोटं इतकी चिकट झालीत की वहीची पानं सोबत येतायत.

१५ ऑक्टोबर

विचारलं, "मला हॅश करायला शिकवशील?" हॅश म्हणजे या फुलांच्या डिंकाचा गोळा, चरसासारखा. म्हणाली, "नाही."

मग रात्रीच्या जेवणात, तोंडात घास असताना, आपणहून: "एका अटीवर. गोळा मुरून बरणी उघडेपर्यंत इथून हलायचं नाही."

"म्हणजे कधीपर्यंत?"

"एप्रिल."

आजवर तिच्याकडे अकरा जण शिकायला आले. फुलं धुऊन झाली की अकराही जण आपापल्या वाटेनं गेले. "धुणं माकडालाही येईल," ती म्हणाली. "बरणी उघडली की वास सांगतो, फुलं वेळेवर खुडली होती का, पुढच्या वर्षी काय बदलायचं. ते शिकायला कोणी उरतच नाही. बहात्तर वर्षांची आहे मी. हे नाक माझ्याबरोबर जळायचं."

मी हो म्हणून बसले. एका जागी मी सगळ्यात जास्त राहिले ती अकरा आठवडे, टक्सनला. तेव्हा पाय मोडला होता.

२ नोव्हेंबर

फ्रीजरचं झाकण उघडून बघितलं. अर्डिथ मागूनच: "बघितल्यानं जास्त गोठत नाहीत ती."

धुणं डिसेंबरात. झऱ्याचं पाणी हाताला चावायला लागल्याशिवाय नाही.

६ डिसेंबर, शनिवार

वाट लावली.

नीट लिहिते. सकाळी सात वाजता कोठारात. दार सताड उघडं, आत बाहेर सारखाच गारठा. शेजारचा लायल बर्फ घेऊन आला — लायल म्हणजे बकऱ्या पाळतो तो, दाढीही तशीच. मोठ्या पिंपात जाळीच्या पिशव्या, एकीच्या आत एक, वरची मोठ्या भोकांची, खालच्या बारीक होत जाणाऱ्या. त्यात बर्फ, झऱ्याचं पाणी, आणि गोठलेली निम्मी फुलं. ढवळायला होडीचं जुनं वल्हं.

गोष्ट साधी आहे. फुलांवर डिंकाचे दाणे असतात, डोळ्यांना धड दिसतही नाहीत. थंडीनं ते कडक होतात, हलक्या हातानं ढवळलं की तुटून तळाला जातात. पाणी, बर्फ आणि धीर. दुसरं काही घालायचं नाही.

"झोपलेल्या मांजराखालून चादर काढतेस असं ढवळ," अर्डिथ म्हणाली आणि चुलीवरची घेवड्याची उसळ बघायला घरात गेली.

आणि लायलच्या ट्रकमधल्या रेडिओवर बँजो लागला. जलद. माझा हात त्या तालावर कधी गेला मला कळलंच नाही. लायल टाळ्या वाजवत होता! अर्डिथ परत आली तेव्हा पिंपातलं पाणी हिरवंगार. फुलंच फोडली होती मी, पानांचा चुरा सगळा खाली.

तिनं पिंपात बघितलं. मग माझ्याकडे. "पालकाचं सूप," म्हणाली. "लायल, तुला वाढू का?"

लायल म्हणाला, त्याच्या बकऱ्यासुद्धा खाणार नाहीत.

वर्षाच्या फुलांतली निम्मी गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. वल्हं पुसून माझ्याच हातात दिलं आणि म्हणाली, "उद्या उरलेली. तूच ढवळणार."

७ डिसेंबर

मीच ढवळलं. रेडिओ नाही. लायलला बोलायलाही बंदी, त्यानं बिचाऱ्यानं खुणा करून कॉफी मागितली. हात बधिर झाले, खांदे गेले. मध्ये कोठाराच्या आढ्यावर एक घुबड दिसलं, दिवसाढवळ्या, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही. एकदाच बघितलं.

पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. सगळ्यात बारीक पिशवी उचलली तर तळाशी ओल्या वाळूचा थर — समुद्रावरच्या वाळूच्या रंगाचा. चमच्यानं खरवडून अर्डिथनं हातावर घेतला. गुणगुणत होती.

१६ डिसेंबर

आठवडाभर वाळवण. ओल्या वाळूची वडी परत गोठवायची, मग किसणीवर किसून कागदावर पसरायची, थंड कोठीघरात. ओल राहिली तर बुरशी धरते. रोज सकाळी जाऊन बघते. श्वास धरून — परवा शिंकले तर चिमूटभर पूड भिंतीवर गेली. अर्डिथनं ती भिंत चाकूनं खरवडली.

कोठीघरात जपानी पर्सिमॉन टांगलेत सोलून वाळायला — टोमॅटोसारखं दिसणारं गोड फळ. तीन खाल्ले. तिला वाटतंय उंदीर आहेत.

२० डिसेंबर

आज गोळा वळला. रिकाम्या वाइनच्या बाटलीत गरम पाणी भरायचं, कोरडी पूड कागदात घ्यायची आणि त्यावरून बाटली फिरवायची, पोळी लाटतात तशी. आधी काहीच होत नाही. मग पूड एकमेकीला धरते, गडद होते, चकाकायला लागते. घडी घाला, लाटा, घडी घाला. शेवटी तळव्यांत घेऊन वळायचं, एकही भेग दिसेनाशी होईपर्यंत. भेग म्हणजे हवा, हवा म्हणजे वाया.

दोन तास वळत होते. लिंबाएवढा झाला. काळाभोर, काचेसारखा, त्यात खिडकी दिसत होती.

"दरवर्षी दोन होतात," लायल म्हणाला.

"यंदा एक आणि सूप," अर्डिथ.

कागदात गुंडाळून बरणीत, बरणी कोठीघराच्या खालच्या फळीवर, अंधारात. आता काही करायचं नाही. हेच अवघड आहे म्हणे.

२९ डिसेंबर

उघडली. नऊच दिवस टिकले मी. फक्त वास घेतला, खरंच — बरं, बोटानं दाबूनही बघितला, किंचित. कापलेल्या गवताचा वास, कच्चा, थोडा रागीट.

३० डिसेंबर

सकाळी अर्डिथनं नाश्त्याला पॅनकेक केले आणि बरणी टेबलावर आणून ठेवली. गोळ्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा, रेषेन् रेष, पोलिसांत देण्यासारखा.

"ओळखीचा आहे का कोणाच्या?" ती म्हणाली.

मी पॅनकेककडे बघत राहिले.

"बाळा, तुला वाटतं तू बघितल्याशिवाय जगात काही होतच नाही. ते तुझ्याशिवाय होतंय. तू फक्त इथे अस." मग तिनं ठसा गरम बाटलीनं पुसला आणि बरणी जागेवर ठेवली. कुलूप लावलं नाही. लावलं असतं तर सोपं गेलं असतं.

१७ जानेवारी, शनिवार

कोरिनचा फोन. कोरिन म्हणजे टक्सनची, माझा पाय मोडला तेव्हा पाठीवर घेऊन गेलेली. व्हॅन घेऊन मेक्सिकोला चालली आहे, खाली बाहाच्या किनाऱ्यावर, देवमासे पिल्लं घेऊन येतात तिथे. एक जागा रिकामी. सोमवारी दहाला फाटकाशी येते म्हणाली. "आणि त्या चिखलात काय करतेस तू अजून?"

वाट बघते म्हटलं. एका गोळ्याची.

रात्री पिशवी भरली. काम ओळखीचंच आहे पिशवीला, स्वतःच भरते.

१९ जानेवारी

अर्डिथला सांगितलं. ती भांडी घासत होती. "देवमासे बघायलाच हवेत," म्हणाली. टोमणा नव्हता तो, तेच वाईट. मग विचारलं, कुठून जाणार, वाटेत वाळवंट लागेल का, रात्री थंडी किती पडते. सगळं विचारून घेतलं. सँडविच बांधून दिलं. "बारावी," एवढंच म्हणाली, स्वतःशी.

पावणेदहाला फाटकाकडे निघाले. वाटेत झऱ्याची नळी चढणीवर सांध्यातून निसटलेली, पाणी सगळं उतारावर, खाली टाकीत थेंबही नाही. दोन मिनिटांचं काम म्हणून पिशवी ठेवली आणि उतरले. नळी धरली तर दुसरा सांधा सुटला. गुडघाभर चिखलात, दोन्ही हातांत दोन टोकं, दातांत सांधा आवळायची पट्टी.

हॉर्न ऐकू आला. तीनदा. हात सोडले असते तर पोचले असते.

चौथ्यांदा हॉर्न लांबून आला. मी पट्टी आवळली.

नळी बसल्यावर तिथेच बसून हसत सुटले. एवढं का हसले माहीत नाही. सँडविच खाल्लं. हरणाचं होतं.

अर्डिथ नळाशीच उभी. "पाणी आलं," म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

मग आम्ही दोघींनी पिशवी रिकामी केली. माझे मोजे बघून ती फारच हसली.

२२ फेब्रुवारी

तेवीस आठवडे. पाय धड असताना.

१५ मार्च

बकऱ्यांना पिल्लं झाली, अकरा. लायल रडला आणि म्हणाला सर्दी आहे. महिनाभरात मी बरणीला हात लावलेला नाही. परवा तर विसरलेच होते ती आहे म्हणून.

७ एप्रिल, मंगळवार

आज उघडली!

लायल हकलबेरीचा, म्हणजे रानातल्या जांभळ्या बेरींचा, गोड पाई घेऊन आला, धुतलेला शर्ट घालून. अर्डिथनं सुरी गरम पाण्यात धरली, पुसली आणि माझ्याकडे दिली. मला वाटलं तीच कापणार.

गोळा लोण्यासारखा चिरला गेला. आत बाहेरच्यापेक्षा गडद, आणि तेलकट ओली चमक. आणि वास — डिसेंबरातलं गवत कुठल्या कुठे गेलं. मिरी. पिकून फुटायला आलेला पर्सिमॉन. जुन्या चर्चचं लाकूड. सगळं एकामागून एक, घाई न करता.

लायल नाक पुढे करायला लागला तर अर्डिथनं त्याला मागे ओढलं. "आधी ती. काय कळतंय, सांग."

मी डोळे मिटले. बराच वेळ. मागे कुठेतरी गोडाच्या खाली एक जडपणा होता, फळ जास्त पिकल्याचा.

"उशिरा खुडलं," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी चार दिवस आधी."

लायल माझ्याकडे बघेना, तिच्याकडे बघे.

अर्डिथनं अर्धा गोळा उचलला, वास घेतला, परत घेतला. "मी तीन म्हटलं असतं," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. पोर हसते तशी.

ओढायचा पाईप हातोहात फिरला. पाई संपला. दुपारभर ओसरीत बसून लायलनं एकच गोष्ट चारदा सांगितली आणि चारही वेळा शेवट वेगळा.

१९ एप्रिल

अर्डिथ गेली. मेलीबिली नाही — लायलचा ट्रक घेऊन वाळवंट बघायला. एकतीस वर्षांत बरणी सोडून एक रात्रही कुठे राहिली नव्हती म्हणे. मी म्हटलं, खुडायच्या आधी येशील ना? "नाक आहे की घरात," म्हणाली आणि गिअर टाकला.

आत्ता फोन आला, नेवाडातून. "अगं, ट्रकवाल्यांच्या थांब्यावर अंघोळीला टॉवेल ते देतात की आपला न्यायचा?"