माझी निर्भय किडनी

१८ जून २००७, निशी-कसाई, जपान
कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. एकंदरीत उत्तम. वजन जरा सीनियर झालंय, बस. लघवीत प्रोटीन सापडलं म्हणे, त्याच्यापुढे एक प्लस. दहावीनंतर माझ्या कुठल्याही रिपोर्टात प्लस आलेला हा पहिलाच.

एचआरच्या ओगावा-सान डेस्कपाशी आल्या, किंचित वाकल्या आणि म्हणाल्या, जमलं तर पुन्हा एकदा तपासून घ्याल का? 'जमलं तर' म्हणजे सीरियस नाही. बायकोचं म्हणणं, उद्याच जा. विभाला प्रत्येक गोष्टीची घाई.

हॉस्पिटलला मी घाबरत नाही. वेळ नाही. गो-लाइव्ह आहे, क्लायंटकडे नवी सिस्टिम चालू करायचीय.

२४ जून, रविवार
मार्ग सापडला! स्टेशनच्या पलीकडे चिनी औषधांचं दुकान आहे. चेनबाई सत्तरीच्या, मूळच्या शांघायच्या. जीभ बघितली, मनगटावर तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली. त्यांच्या शास्त्राप्रमाणे किडनी शरीरातला मौल्यवान ऐवज सांभाळते. ती दमली की ऐवज गळायला लागतो. आणि ती दमते कशाने? भीतीने!

काळे तीळ खा, कंबर गरम ठेवा, मीठ कमी करा, म्हणाल्या. औषधाच्या मुळ्या मात्र हॉस्पिटलचा रिपोर्ट बघितल्याशिवाय देणार नाहीत. आधी तिकडे जा म्हणाल्या. असते एकेकाची फॉर्मॅलिटी. मुद्दा मला कळला. भीती सोडली की किडनी ठणठणीत.

संकल्प : आजपासून निर्भय.

२५ जून, सकाळी
दह्यात काळे तीळ. कंबरेला हारामाकी, म्हणजे जपानी आजोबा पोटाला घालतात तो लोकरीचा पट्टा. ऑफिसला जाताना तोझाई लाइनच्या लोकलमध्ये घामाच्या धारा. शेजारचा माणूस चक्क दूर सरकला. त्या गर्दीत सरकता येतं हे आजच कळलं.

२ जुलै
निर्भयपणा ऑफिसात लागू केला. तोयोसुला क्लायंटच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये त्यांना तोंडावर सांगितलं, ही डेडलाइन अशक्य आहे. मग माझा ज्युनिअर सुयश उठला आणि जपानीत बराच वेळ माफी मागत राहिला. घाबरट पोरगा. त्याच्या किडनीचं काही खरं नाही.

माझ्या किडनीपाशी मात्र एकदम हलकं वाटलं. (किडनी नक्की कुठे असते ते बघायला हवं.)

ओगावा-सान पुन्हा आल्या. या वेळी बऱ्याच खाली वाकल्या. निर्भय माणसाबद्दल आदर आपोआप वाढतो.

१४ जुलै
आजपासून मीठ कडकडीत बंद. विभाने बिनमिठाचं वरण केलं. दोन घास खाल्ले. मग पाय मोकळे करायला बाहेर पडलो आणि वाडगाभर रामेन, म्हणजे सूपातल्या नूडल्स, घेतलं. त्यात मीठ असतं, पण सूपमध्ये विरघळलेलं. ते पिणं झालं, खाणं नव्हे. शिवाय रामेन मूळचं चिनी, म्हणजे औषधाच्याच गोत्रातलं. सूप शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

२० जुलै
चेनबाईंच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने कणसाच्या केसांचा काढा सांगितला. विभाने आणलेली कणसं सोलून केस उकळले. घरभर ओल्या गवताचा वास. विभाने खिडक्या उघडल्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्या बंद केल्या.

प्रकृतीत प्रचंड फरक. कसला ते नेमकं सांगता येणार नाही.

५ ऑगस्ट
पुण्याहून आईचा फोन. तब्येत विचारली. झकास म्हणालो. बोलता बोलता तिने अण्णांचं, माझ्या वडिलांचं काढलं. त्यांचंही आधी एवढंसंच होतं, थोडं प्रोटीन. तेही म्हणाले होते, बघू नंतर. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खेपा. मी म्हटलं, आई, लाइन कट होतेय. लाइन चांगली होती.

पाय सुजलेत का बघितलं. नाहीत. थोडेसे. बूट नवे आहेत.

अण्णांचा विचार करायचा नाही. भीती किडनीला वाईट. हॉस्पिटलचं नाव काढलं की अण्णा आठवतात, म्हणजे हॉस्पिटलात न जाणं हीच खरी ट्रीटमेंट. हे इतकं लॉजिकल आहे की कुणाला सुचलं कसं नाही?

३० ऑगस्ट
ओगावा-सान आज जवळजवळ काटकोनात वाकल्या! अख्खा फ्लोअर बघत होता. मीही वाकायला गेलो, पट्ट्यामुळे अर्ध्यात अडकलो. सुयशला म्हटलं, बघ, याला म्हणतात इज्जत. तो म्हणाला, इतकं खाली वाकतात ते एक तर माफी मागायला, नाहीतर विनवणी करायला. ती बाई जूनपासून तुम्हाला विनवतेय, सर.

तीन वर्षं जपानात काढून सुयशला इथलं कल्चर कळलेलं नाही.

३ सप्टेंबर, दुपारी
ओगावा-सान आज वाकल्याच नाहीत. सरळ उभ्या राहून म्हणाल्या, विभा-सानना मी फोन केलाय, त्या खाली टॅक्सीत बसल्या आहेत.

जातो. टॅक्सीचं मीटर चालू आहे म्हणून.

३ सप्टेंबर, संध्याकाळी
निर्भयपणे बाही वर केली. सुई बघितली. पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा खाटेवर आडवा, पाय उशीवर, विभाने हात घट्ट धरलेला. प्रोटीन आता दोन प्लस. बीपी इतकं की नर्सने मशीन बदलून पुन्हा मोजलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या अजून वाचवता येतील, पण आजपासून गोळी, आणि रामेन बंद. 'वाचवता येतील' ऐकलं आणि मला रडूच फुटलं. अण्णांना हे कुणी म्हणालं नव्हतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, जूनमध्ये कळलं होतं, तर इतका उशीर का? उत्तर माझ्याकडे तयार होतं. गो-लाइव्ह, क्लायंटचं प्रेशर, पर्यायी उपचारपद्धतीचा सखोल अभ्यास. पण तोंडातून जपानी फुटेना. सगळं विभाला मराठीत सांगितलं आणि म्हटलं, नीट भाषांतर कर. बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या दुकानात पार्टटाइम करून तिचं जपानी माझ्यापेक्षा बरं झालंय.

तिने एवढंच सांगितलं : घाबरला होता. डॉक्टरांनी लगेच मान डोलावली आणि लिहून घेतलं.

तेवढं जपानी मला येतं. कळलं नाही असा चेहरा केला.