कमी म्हणजे शून्य नव्हे

प्रिय बुटके,

धाकटा भाऊ तुरुंगातून सुटून माझ्याकडे राहायला आला, तेव्हापासून समोरच्या वहिनींना माझ्या दाराशी आल्यावरच जिन्याच्या भिंतीचा रंग निरखावासा वाटतो. मावसबहिणीने फोनवर सांत्वन केलं, जणू घरात कोणी वारलंय. पण मी तोंड तरी कुठल्या तोंडाने उघडू? त्याने त्याच्या तेव्हाच्या शेजाऱ्यांच्या लहान पोरीच्या अंगाला हात लावला होता. त्याची शिक्षा संपली, त्या पोरीची कुठे संपलीय?

मागच्या आठवड्यात धोका मोजणाऱ्या बाई आल्या. सुटलेली अशी माणसं पुन्हा तसंच करतील का, याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. वयाने माझ्या लेकीएवढ्या. खिडकीतून काय दिसतं, घरी कोण येतं-जातं, तो एकटा किती वेळ असतो, सगळं विचारलं. हवामानाचा अंदाज सांगताय का, असं मी फणकारले. तसंच समजा, म्हणाल्या, पण छत्री घरी ठेवू नका.

मग त्यांनी त्याला विचारलं, पुन्हा होईल असं वाटतं का? मी मनात म्हणत होते, नाही म्हण मेल्या. तो खाली बघत म्हणाला, "छातीठोकपणे नाही म्हणवत नाही. म्हणून मुलं असतील तिथे मी थांबत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंचा चेहरा मात्र सैलावला. निघताना मला म्हणाल्या, "मला शपथा घेणाऱ्यांची जास्त काळजी वाटते. याचा धोका कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि तो कमी ठेवणं तुमच्याही हातात आहे." आपल्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनाही उलट उत्तर देणारी मी, त्यांना जिन्याखालपर्यंत सोडायला गेले.

सगळ्यांनी पाठ फिरवली असताना तू एकटीने लिहिलंस, सुट्टीत नातीला घेऊन राहायलाच येते, बघू कोण काय बोलतं. वाचून मी ढसाढसा रडले. त्याला सांगितलं तर तो मुकाट्याने बॅग भरायला लागला, तेवढे दिवस कुठेतरी राहतो म्हणाला. ती मीच रिकामी केली. असा माणूस घराबाहेर भटकला की धोका वाढतो, हेही बाईंनी बजावलं होतं. तेव्हा नातीला आणू नकोस, बुटके. तुझा एवढा मोठा विश्वास मला घेता येत नाही. एकटी येशील तर घ्यायला येईन. नाही आलीस तरी मी एक शब्द बोलणार नाही, आणि मी असं आजवर कोणाला म्हटलंय का, तूच सांग.

तुझीच,
तिखट