सेलिनाची धूळ

११ जानेवारी
कट्टा गावात पोहोचले! एसटी थांब्यासमोर, किराणा दुकानाच्या माडीवर आमचं संशोधन केंद्र. दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा, खिडकीबाहेर काजूची झाडं. राहायची सोय मागच्या आळीत सावित्रीकाकींकडे. पुण्याहून एवढं शिकून माती मोजायला कोणी येतं, याचं त्यांना फार हसू आलं. मलाही.
काम मनासारखं आहे. जांभ्या दगडाच्या चिरेखाणींतून उडणारी लाल धूळ हवेत कुठे आणि किती जाते, ते समीकरणांत बसवायचं. खाणीपासून किनाऱ्यापर्यंत ठिकठिकाणी सेन्सर आहेत. उद्याचा अंदाज आज मांडायचा. माझी पीएचडी याच विषयातली. जोडीला सेलिना फर्नांडिस, इथलीच, एमएस्सी झालेली. सारखी खोकते, पण स्वभावाने गोड.

१९ जानेवारी
सेलिनाचे अंदाज बरोबर येतात, माझे चुकतात. मी वारा, दमटपणा, उन्हाचा ताप सगळं घालते. ती थोडं गणित करते, खिडकीबाहेर बघते आणि आकडा लिहिते. दुसऱ्या दिवशी तोच येतो.
आज आमचे प्रकल्पप्रमुख सर पुण्याहून फोनवर म्हणाले, सेलिनाकडून शिकून घ्या. मी हो म्हटलं. दुपारी तिने घरचा दोदोल आणला, नारळाच्या रसातली गुळाची मिठाई. अप्रतिम होता, त्याचाही राग आला.

२७ जानेवारी
माझ्या चुका नकाशावर मांडून पाहिल्या. चुका विखुरलेल्या असायला हव्यात. या तशा नाहीत. खाणीतून निघालेली एक रेघ वाऱ्याच्या उलट दिशेने सरळ सेलिनाच्या घरी जाते. रविवारी ती मावशीकडे शिरोड्याला गेली, तर रेघही दक्षिणेला वळली.
भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, धुळीलासुद्धा तीच हवी?

३ फेब्रुवारी
सेलिनाला नकाशा दाखवला. तिने उठून खिडकी लावली. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारी, आज एकदम मालवणीत म्हणाली, "ती माका सोडीत नाय गो."
मग हळूहळू सांगितलं. जिला धुळीचं गणित जमतं, तिच्या मागे धूळ लागते. आधी अंगणात, मग घरात, मग उशीवर. हल्ली सेलिनाला पुरता श्वासही घेता येत नाही. माझा हात धरून विनवलं, की तू बरोबर मांडू नकोस, चुकत राहा.
चुकत राहा! म्हणजे पुढे कोण राहणार, ते मला कळत नाही का?

५ फेब्रुवारी
समीकरणात एक पद वाढवलं: सेलिना जिथे असेल ती जागा. पहिल्यांदाच सगळे आकडे जुळले. मग सरांना मेल केली, की सेलिना सेन्सर हलवते, तिचे अंदाज म्हणूनच जुळतात. हे खोटं आहे. पाठवलं.

११ फेब्रुवारी
सेलिनाला कामावरून काढलं. रडेल असं वाटलं होतं. तिने डोळे मिटून लांब, खोल श्वास घेतला. खोकली नाही. म्हणाली, "सांभाळ गो, संचिता."
खिडकीतून पाहिलं. सावंतवाडीच्या गाडीची वाट पाहत उभी होती. तहानलेल्याने पाणी प्यावं तशी हवा पीत होती. जिंकले मी, मग जळफळाट माझाच का?
समीकरणातून तिची जागा काढून माझी घातली.

१४ फेब्रुवारी
अंदाज तंतोतंत. सर खूश.
सकाळी काकी केर काढायला आल्या आणि दारातच थबकल्या. "बाय, तुझ्या खोलीत एवढी माती खंयसून इली गो?"

१७ फेब्रुवारी
अंथरुणावर लाल थर. मी झोपले होते तेवढीच जागा स्वच्छ, माझ्या आकाराची.
मुद्दाम चुकीचा आकडा मांडला. तोच खरा ठरला.
आता मी काहीही लिहिलं तरी—

१८ फेब्रुवारी
सेलिनाला फोन केला. माफी मागायला. बोलायच्या आधीच खोकल्याची उबळ आली. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. मोकळा, सहज. एवढा कशाला हवा तिला? मला—
तिनेच फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी
दारं-खिडक्या बंद. फटींत ओली फडकी. वारा नाही. पडदा हलत नाही. तरी धूळ येते. जमिनीवरून, एका रेघेत.

२० फेब्रुवारी
दुपार. सेन्सर खोलीत आणला. शून्य. खाणीजवळ शून्य. किनाऱ्यावर शून्य. हवा कधीच इतकी स्वच्छ नव्हती. अंथरूण स्वच्छ. फरशी स्वच्छ.
गेली, असं वाटलं. हसू आलं.
मग हिशेब केला. एवढी धूळ गेली कुठे? समीकरण एकच जागा दाखवतंय. माझीच. खोली नाही— माझ्या आत—
काकी दार ठोठावताहेत. हाक मारायला तोंड उघडते, तर श्वास आत जातो, बाहेर मात्र