घर दाखवण्याची रीत

मास्तर, आज दुपारी मी तुमची विद्या वापरली. तुम्ही देवाघरी जाऊन किती वर्षं झाली. सिनेमाचा तंबू गेला, आता चित्रं स्वतःच बोलतात, आणि पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्या माझ्यासारख्याची कुणाला गरज उरली नाही. मी पुन्हा शिवणाच्या यंत्रावर बसतो. तरी तुम्ही शिकवलेलं जिभेवर तसंच होतं, याचं मलाच नवल वाटलं.

म्हैसूरला तंबू लागला होता तेव्हाचं ते भुताच्या घराचं विलायती चित्र. पहिल्या दिवशी मी सुरुवातीपासून ओरडत होतो, "पाहा, भूत आलं!" मागून कुणी म्हणालं, "आमच्या सासूबाईंपेक्षा बरंच आहे की!" सगळा तंबू हसला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत, पुढ्यात कॉफी ठेवलीत. "अरे, भूत दाखवायला मशीन आहे. तू घर दाखव. चूल कुठं, पाळणा कुठं, म्हातारा कुठल्या खिडकीशी बसायचा. लोकांना तिथं राहायला जाऊ दे. मग मी बाजाची पेटी थांबवतो, तू तोंड मिट. उरलेलं त्यांचं ते करतात." त्या संध्याकाळी मी तसंच सांगितलं. पडद्यावर रिकामी खोली आहे, दार हळूहळू उघडतंय, तुमची पेटी थांबली आहे, मशीनची दांडी फिरल्याचा आवाज तेवढा येतोय. ती शांतता मला सोसली नाही. तोंडून निघून गेलं, "विठ्ठल विठ्ठल!" पुढं बसलेली सगळी आपलीच शिंप्यांची माणसं, भजनाला बसणारी; एकाने नाव घेतलं की बाकीच्यांनी उचलायचंच. टाळ्यांचा ठेका सुरू झाला आणि भूत बिचारं एकटंच जिना उतरून आलं. "अय्यो, तुझ्या देवानं माझं भूत पळवलं की रे!" तुम्ही कपाळाला हात लावलात. "सुम्मने राहायला शीक. गप्प राहणं हीसुद्धा भक्तीच." तिसऱ्या दिवशी मी गप्प राहिलो. तंबूत कुणी हललं नाही. एका बाईने शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला होता.

माझी बायको गेल्या श्रावणात तापाने गेली. मूलबाळ नाही. घरमालक म्हणाले, एकट्याला एवढं घर कशाला, मागची खोली घ्या. पण मला हे घर सोडवत नाही. तिचं म्हणून दुसरं काहीच माझ्याजवळ उरलेलं नाही. देवापुढं रोज बसतो. तोही तुमच्यासारखा पेटी थांबवून बसला आहे. आज त्यांनी धाडलेलं एक जोडपं घर भाड्याने घ्यायला म्हणून पाहायला आलं, बाईच्या कडेवर खोकणारं मूल. "आमच्या खोलीत फार ओल आहे हो अण्णा," ती म्हणाली, "इथं ऊन येतं की छान!" मी त्यांना घर दाखवलं. इथं ती तांदूळ निवडायला बसायची. ही खुंटी तिची. या कोपऱ्यात अंथरूण होतं, शेवटचे नऊ दिवस इथूनच पाणी मागायची. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग मधलं दार मी हळूच लोटलं आणि बोलायचा थांबलो. बाईने मुलाचं डोकं पदराखाली घेतलं. नवरा म्हणाला, "बरं, येतो आम्ही." पायऱ्या उतरताना त्यांनी मागं पाहिलं नाही.

घर माझ्याकडे राहिलं. ते मूल आज पुन्हा ओलीतच निजेल. हे पत्र देवापुढं ठेवायलाही लाज वाटते, मग धाडणार कुठं? आणि एक सांगायचं राहिलं, मास्तर. ते जोडपं गेल्यापासून मी बाहेर ओट्यावरच बसून आहे. ऊन उतरलं, देवाला दिवा लावायची वेळ झाली, पण माझ्याच्याने आत जाववत नाही.